जुन्या शेव्हेलमध्ये नवीन इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक बसवताना कामाचा क्रम कसा ठेवायचा

इथे मिशिगनमध्ये अर्धवट राहिलेल्या ज्या शेव्हेल (शेव्हर्लेची जुनी अमेरिकन गाडी) मी बघितल्यात त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखीच दिसली, इंजिन चकाचक होऊन स्टँडवर बसलेलं आणि गाडी चार जॅकस्टँडवर, चाकं लटकलेली, ब्रेकचे डबे न फोडता कोपऱ्यात. सगळ्यांनी सुरुवात इंजिनपासून केलेली. आधी कळस मग पाया, आणि मग इंजिन बसतं तेव्हा हेडर (एक्झॉस्टचे पाइप) स्टिअरिंग बॉक्सला लागतो, ऑइल पॅन क्रॉसमेंबरच्या (फ्रेमच्या आडव्या दांड्याच्या) खाली लोंबतो, गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या शॅफ्टची लांबी चुकते, नवीन चाक कॅलिपरवर (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागावर) बसतच नाही. म्हणून हा लेख पूर्णपणे क्रमाबद्दल आहे. उदाहरण म्हणून १९६८ ते १९७२ ची दोन दारांची शेव्हेल धरलीय, त्यात जीएमचं (जनरल मोटर्सचं) एलएस इंजिन, पाच गिअरचा टीकेएक्स किंवा सहा गिअरचा टी५६ मॅग्नम हा मॅन्युअल गिअरबॉक्स नाहीतर ४एल६०ई ऑटोमॅटिक, आणि चारही चाकांना डिस्क. पहिल्या पिढीची कॅमारो असेल तरी क्रम हाच राहतो, मापं फक्त वेगळी.

एकच गोष्ट लक्षात ठेवा: काम चाकांकडून आत यायचं. चाक, ब्रेक, गाडीची उंची, मागचा अ‍ॅक्सल, मग गिअरबॉक्स आणि इंजिन. कारण आतल्या प्रत्येक भागाचं माप बाहेरच्यावर ठरतं.

१. एकही पार्ट मागवायच्या आधी

पहिलं काम म्हणजे फ्रेम. इकडे रस्त्यावर हिवाळाभर मीठ पडतं, त्यामुळे मागच्या चाकाच्या वरचा वळणाचा भाग आणि बॉडी माउंटच्या (बॉडी फ्रेमवर टेकते त्या) जागा आतून कुजलेल्या असतात आणि वरून रंग मस्त दिसतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून टोचून बघा, हातोडीने ठोकून आवाज ऐका. बद्द आवाज आला की थांबा, वेल्डिंग आधी. कुजक्या फ्रेमवर ४३० हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे नाकापेक्षा मोती जड. बॉडी माउंटचे रबर जुने असतील तर तेही आत्ताच बदलून घ्या, ते बदलले की बॉडी उचलली जाते आणि गिअरबॉक्सच्या बोगद्याची (फ्लोअरमधल्या उंचवट्याची) सगळी मापं हलतात.

मग एका कागदावर पूर्ण यादी लिहा, इंजिन कुठल्या वर्षाचं, गिअरबॉक्स कुठला, रिअर अ‍ॅक्सल कुठला, चाकाचा व्यास किती, ब्रेक पॉवर की मॅन्युअल. ही यादी पूर्ण होईपर्यंत क्रेडिट कार्ड खिशात राहू द्या, सेलमध्ये दिसलं म्हणून एक-एक पार्ट घेत गेलात तर एक ना धड भाराभर चिंध्या होतात आणि परत करायची मुदतही निघून जाते.

आपल्या राज्यात एमिशनचे आणि इंजिन बदलायचे नियम काय आहेत तेही याच टप्प्यात वाचा. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक लागत नाही, बाकी राज्यांचे नियम वेगळे. विमा घेताना ठरलेल्या किमतीची पॉलिसी घ्या आणि इंजिन बदललंय हे कंपनीला लेखी कळवा.

तपासा: इंजिनवर २४ दातांचं क्रँक व्हील (सेन्सर वाचतो ते दातेरी चाक) आहे का ५८ दातांचं? जुन्या एलएसला २४ असतं, एलएस३ सारख्या नंतरच्यांना ५८. कॉम्प्युटर आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) त्याच जातीचे हवेत, नाहीतर इंजिन फिरेल पण सुरूच होणार नाही. वापरलेलं इंजिन घेताना ही चूक इतक्या वेळा होते की विकणाऱ्याला क्रँक सेन्सरचा फोटो मागा, काळा सेन्सर बहुतेक २४ चा, करडा ५८ चा.

२. चाक आणि ब्रेक एकत्र निवडा

साध्या शेव्हेलला पुढे-मागे साडेनऊ इंची ड्रम यायचे. साडेतीन हजार पाउंडांच्या वरची गाडी आणि नवीन इंजिनचा वेग, त्याला ते पुरत नाहीत, यात दोन मतं नकोत.

१३ इंची रोटर (ब्रेकची डिस्क) घ्यायचा तर साधारण १७ इंची चाक लागतं. १५ इंची जुनी रॅली चाकं ठेवायची असतील तर ११ इंचाच्या आसपासचे रोटर बघा. ब्रेक बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या कॅलिपरचा कागदी साचा देतात, तो पूर्ण आकारात छापून पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि चाकाच्या आतून फिरवून बघा. साचा पट्टीने मोजून घ्या, प्रिंटर कधीकधी ९५ टक्क्यांवर छापतो आणि तेवढ्यावरून सगळं चुकतं.

पुढे एक अडचण हमखास येते ती स्पिंडलची, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या भागाची. शेव्हेलचा ड्रमचा स्पिंडल वेगळा आणि डिस्कचा वेगळा, किट कुठल्यासाठी आहे ते वाचूनच मागवा. मागे अ‍ॅक्सल सी-क्लिपवर (आतल्या C आकाराच्या कडीवर) अडकवलेला असतो, त्याला आत-बाहेर थोडा खेळ असतो, त्यामुळे दोन्हीकडून घट्ट पकडणारा फिक्स कॅलिपर लावला तर पॅड मागे ढकलले जातात आणि वळणानंतर पेडल पहिल्यांदा खोल जातं. रस्त्यावरच्या गाडीला मागे सरकता सिंगल पिस्टन कॅलिपर, हँडब्रेकसकट, हेच बरं पडतं.

सावधान: हँडब्रेक नंतर बघू असं म्हणून सोडू नका. मॅन्युअल गाडी उतारावर उभी करायची असते आणि मागच्या किटबरोबर केबलची जागा ठरते, नंतर ती बसत नाही.

३. गाडी तिच्या खऱ्या उंचीवर उभी करा

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त गाळतात. नवीन स्प्रिंग, नवीन बुश, खरी चाकं आणि टायर लावून गाडी जमिनीवर उभी करा. आता प्रश्न असा की इंजिन नसताना पुढची उंची कशी कळणार. जुनं लोखंडी बिग ब्लॉक काढून अ‍ॅल्युमिनियमचं एलएस३ घातलं की पुढचं वजन दोनशे पाउंडांहून जास्त कमी होतं, त्यामुळे जुन्या स्प्रिंगवर नाक वर राहतं. स्प्रिंग मागवताना इंजिन कुठलं ते सांगा. इंजिन बसेपर्यंत पुढच्या लोअर कंट्रोल आर्मखाली ठोकळे देऊन अपेक्षित उंची पकडून ठेवा, आणि चारही फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं माप वहीत लिहा.

पुढचं प्रत्येक माप याच चार आकड्यांवर घ्यायचं.

४. मागचा अ‍ॅक्सल

मूळचा हलका टेन-बोल्ट अ‍ॅक्सल ठेवून चिकट टायर आणि मॅन्युअल क्लच लावणार असाल तर तो फार टिकणार नाही. ट्वेल्व्ह-बोल्ट किंवा फोर्डचा नाइन इंच घ्या. अ‍ॅक्सलच्या गिअरचा रेशो गिअरबॉक्स बघून ठरवा, ओव्हरड्राइव्ह असलेल्या पाच-सहा गिअरच्या बॉक्सला ३.७३ हायवेवरही आरामात चालतो. चाकाचे स्टड मूळचे ७/१६ इंची असतात, अ‍ॅक्सल बाहेर आहेच तर अर्ध्या इंची करून घ्या, नंतर परत सगळं खोलायला लागतं.

शेव्हेलला मागे चार लिंक असतात, वरच्या दोन तिरक्या. पिनियनचा (शॅफ्टला जोडलेल्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचा) कोन याच वरच्या लिंकने बदलतो, म्हणून अ‍ॅडजस्ट होणाऱ्या वरच्या लिंक घेतल्या तर सातव्या टप्प्यात डोकेदुखी वाचते.

५. गिअरबॉक्स आणि इंजिन एकत्र, आणि आधी फक्त अंदाज घ्यायला

रंगवलेलं, पूर्ण बांधलेलं इंजिन पहिल्याच वेळी आत सोडायचं नाही. रिकामा ब्लॉक नाहीतर प्लास्टिकचा डमी ब्लॉक, रिकामा बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण) आणि गिअरबॉक्सची केस घेऊन आधी बसवा, काढा, परत बसवा. मी तीन वेळा आत-बाहेर केलं तेव्हा माउंटच्या अडॅप्टर प्लेटची योग्य जागा सापडली. बघायच्या गोष्टी अशा.

ऑइल पॅन: पिकअपच्या ट्रक इंजिनचा पॅन खोल असतो, शेव्हेलमध्ये क्रॉसमेंबरच्या खाली लोंबतो, पहिल्या स्पीडब्रेकरला फुटेल. जुन्या गाड्यांसाठी बनवलेला उथळ पॅन लावा, आणि तो लावल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून सेंटर लिंक पॅनला लागत नाही ना ते बघा. ते चाकं जमिनीवर असतानाही बघा आणि लटकलेली असतानाही बघा.

एसीचा कॉम्प्रेसर: ट्रकच्या ब्रॅकेटवर तो उजव्या बाजूला खाली असतो आणि फ्रेमला भिडतो. वर बसणारी किट घ्या. फ्रेमला खाच मारायचा मोह होतो, तो टाळलेला बरा.

हेडर: स्टिअरिंग शॅफ्ट, क्लचची लाइन आणि स्टार्टरच्या वायरपासून निदान पाऊण इंच मोकळं ठेवा, इंजिन रबरवर हलतं हे धरून.

बोगदा: टीकेएक्स हा जुन्या गाड्यांच्या फ्लोअरचा विचार करून लहान बनवलाय, शेव्हेलमध्ये कमी कापाकापीत बसतो. टी५६ मॅग्नम मोठा, त्याला बोगदा कापून उंच करायलाच लागतो. कापायची तयारी नसेल तर पाच गिअरमध्ये समाधान माना, माझं मत तरी तसंच आहे, रस्त्यावरच्या गाडीला सहावा गिअर क्वचित लागतो.

तपासा: सगळं जागेवर बसल्यावर ओळंबा सोडून इंजिन आणि गिअरबॉक्सची मध्यरेषा फ्रेमशी जुळते का बघा, आणि गिअरबॉक्सची शेपटी किती खाली कललीय ते डिजिटल अँगल गेजने मोजा. साधारण तीन अंश खाली असेल तर ठीक.

६. बेलहाउसिंग नाहीतर कन्व्हर्टर, जे असेल ते

मॅन्युअल असेल तर बेलहाउसिंगचं भोक क्रँकच्या मध्याशी जुळतं का ते डायल इंडिकेटरने मोजणं टाळू नका. एक फेरी फिरवून काट्याचा एकूण फरक ०.००५ इंचाच्या आत हवा. जास्त आला तर ऑफसेट डॉवेल पिन मिळतात. नवीन बेलहाउसिंग आहे म्हणजे बरोबरच असणार असं समजून लोक हे सोडतात आणि मग हजार मैलांत गिअर अडकायला लागतो, दोष मात्र बॉक्सला देतात. क्लचच्या हायड्रॉलिक थ्रोआउट बेअरिंगचा गॅप त्याच्या सोबतच्या कागदाप्रमाणे शिम लावून ठेवा, अंदाजाने नाही.

ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असतो तो) बॉक्समध्ये पूर्ण आत गेलाय का ते बघा, फिरवत ढकलताना खटखट करत दोन-तीन टप्प्यांनी आत जातो. बॉक्स इंजिनला हाताने पूर्ण टेकला पाहिजे, आणि टेकल्यावर कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनला लावलेल्या पातळ चकतीपर्यंत) पुढे ओढायला साधारण १/८ ते ३/१६ इंच जागा राहिली पाहिजे.

सावधान: फट राहिली म्हणून बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेऊ नका. बॉक्सचा पंप तुटतो, आणि ते पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावरच कळतं.

७. शॅफ्ट आणि कोन

माझा स्वतःचा एक महिना इथे गेला. मागचा अ‍ॅक्सल लटकत असताना मी शॅफ्टचं माप घेतलं, शॅफ्ट बनून आला, गाडी खाली घेतली तर योक (शॅफ्टचं गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) गिअरबॉक्सच्या आत पूर्ण दाबला गेलेला. परत कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून आणायला लागला. म्हणून गाडीचं वजन चाकांवर, तिसऱ्या टप्प्यातल्या चार आकड्यांवर, आणि मगच माप.

आधी कोन. गिअरबॉक्सची शेपटी तीन अंश खाली असेल तर पिनियन तीन अंश वर, म्हणजे दोन्ही रेषा समांतर. दोघांतला फरक एका अंशाच्या आत ठेवा, आणि शॅफ्टचा प्रत्येक जॉइंटवरचा कोन एक ते तीन अंश. कोन शून्यही नको, जॉइंटच्या सुया हलल्या नाहीत तर त्याच जागी खड्डा पाडतात.

मग लांबी. योक पूर्ण आत ढकलून पाऊण ते एक इंच बाहेर ओढा, आणि तिथपासून मागच्या जॉइंटच्या मध्यापर्यंत मोजा. दोनदा मोजा, दुसऱ्या माणसाकडून तिसऱ्यांदा. योकचे दात वेगळे असतात हे विसरू नका, ४एल६०ई ला २७, टीकेएक्स आणि टी५६ मॅग्नमला ३१.

८. पेट्रोल

कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय (दाबाचं एकक) लागायचे, एलएसला ५८ लागतात. जुनी टाकी, जुना पंप, जुना रबरी पाइप, यातलं काहीही चालणार नाही. आत खण असलेली नवी टाकी आणि टाकीच्या आतच बसणारा पंप घ्या, बाहेर लटकवलेला पंप तापतो, ओरडतो आणि पेट्रोल पाव टाकीवर आलं की वळणावर हवा खेचतो. सोपी व्यवस्था म्हणजे सी५ कॉर्व्हेटचा फिल्टर, त्याच्या आत ५८ चा रेग्युलेटर असतो, टाकीजवळ बसवायचा, तिथून एक लाइन इंजिनला आणि एक परत टाकीला.

तपासा: किल्ली ऑन केल्यावर पंप दोनेक सेकंद चालतो. असं पाच-सहा वेळा करा, इंजिन सुरू न करता, आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवा. अग्निशामक हाताशी, गॅरेजचं दार उघडं, थंडी कितीही असो.

९. थंड पाणी आणि वायरिंग, थोडक्यात

एलएसच्या हेडवर स्टीमच्या बारीक नळ्या असतात, त्या बंद करू नका, रेडिएटरच्या वरच्या भागाला जोडा. बंद केल्या की हेडमध्ये वाफेचा फुगा अडकतो, काटा नॉर्मल दाखवतो आणि एक सिलिंडर भाजत असतो.

वायरिंगमध्ये दोन चुका. कॉम्प्युटरला दिलेला किल्लीचा करंट स्टार्टर मारताना बंद होतो अशा वायरवरून घेतलेला असतो, मग इंजिन फिरतं पण पेटत नाही. टेस्ट लॅम्प लावून, किल्ली स्टार्टला धरून बघा, दिवा पेटलेला राहिला पाहिजे. दुसरी अर्थिंगची. बॅटरी ते इंजिन, इंजिन ते फ्रेम, फ्रेम ते बॉडी, तिन्ही जाड वायरी, तिन्ही ठिकाणी रंग खरवडून धातूवर. निम्म्या विचित्र तक्रारी याच एका कामाने जातात.

१०. ब्रेकचं हायड्रॉलिक, इथे घाई नको

इथे सावकाश वाचा. बाकी कुठलीही चूक पैसे खाते, ही चूक माणूस खाते.

आधी पॉवर की मॅन्युअल. मोठा कॅम असेल तर इंजिन आयडलला पुरेसा व्हॅक्यूम देत नाही, पाऱ्याच्या १५-१६ इंचांच्या खाली गेला की बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) ऐनवेळी साथ सोडतो. मग दोन रस्ते, पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट किंवा नीट हिशेब केलेला मॅन्युअल ब्रेक.

हिशेब असा. मॅन्युअलला पेडलचा रेशो सुमारे सहास एक हवा, पॉवरला सुमारे चारास एक. मूळ पेडलवर पुशरॉडसाठी दोन भोकं असतात, वरचं मॅन्युअलचं, खालचं पॉवरचं. शंभर पाउंड पायाचा जोर, सहाने गुणला तर सहाशे. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेकच्या लाइनमध्ये दाब बनवतो तो) एक इंची असेल तर क्षेत्रफळ ०.७८५, दाब साधारण ७६४ पीएसआय. ७/८ इंची असेल तर साधारण ९९८. आणि पॉवरसाठीचा १ १/८ इंची चुकून लावला तर फक्त ६०४. पेडल दगडासारखं घट्ट लागतं, माणूस खूश होतो, आणि गाडी थांबत नाही. घट्ट पेडल म्हणजे चांगला ब्रेक हा गैरसमज डोक्यातून काढा. बोअर लहान केला की पेडल जास्त खोल जातं, तेवढी किंमत आहे.

मास्टरच्या पिस्टनचं भोकही बघा. मॅन्युअलचा मास्टर खोल भोकाचा असतो, रॉड आत अडकून राहतो. पॉवरचा उथळ. उथळ मास्टरला मॅन्युअलचा लांब रॉड लावला तर तो कधीतरी निसटतो, आणि मग पायाखाली काहीच नसतं. बूस्टर असेल तर रॉड आणि पिस्टनमध्ये अगदी बारीक फट हवी, फट नसली की ब्रेक तापत-तापत आपोआप धरतात.

जुना ड्रमचा मास्टर ठेवू नका, त्यात ड्रमसाठी दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, डिस्क घासत राहते. जुना डिस्ट्रिब्युशन ब्लॉक काढून मागच्या लाइनवर, फक्त मागच्याच, अ‍ॅडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा) लावा. पुढच्या लाइनवर कधीच नाही.

लाइन निकेल-कॉपरची घ्या, हाताने वळते, गंजत नाही. टोकं ४५ अंशांची डबल फ्लेअर. एएन फिटिंग ३७ अंशांची असते, दोन्ही एकमेकांत आवळली जातात पण सील होत नाहीत. कॉम्प्रेशन फिटिंग ब्रेकला चालत नाही. लाइन हेडरपासून लांब, दर फूटभराला क्लिप. रबरी होज स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण लटकवून ताणली जात नाही ना ते बघा.

तपासा: चारही कॅलिपरचा ब्लीडर (हवा बाहेर काढायचा) स्क्रू वरच्या बाजूला आहे ना? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की ब्लीडर खाली येतो, हवा वर अडकते आणि माणूस चार बाटल्या ओतून थकतो, पेडल स्पंजच राहतं.

मास्टर आधी टेबलावर ब्लीड करा. मग मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. शेवटी एकाने पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरायचं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघायचा. ब्रेक फ्लुइडमध्ये डॉट ३ आणि ४ एकमेकांत चालतात, डॉट ५ सिलिकॉन त्यात मिसळायचं नाही.

११. पहिली सुरुवात आणि पहिली धाव

कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवून, ऑइलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत स्टार्टर मारा, दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती. मग जोडा आणि सुरू करा. पंखा कधी लागतो ते बघा, गळती बघा, बंद करा, थंड होऊ द्या, पाणी परत भरा.

रस्त्यावर जायच्या आधी मोकळं पार्किंग. दहा मैलांच्या वेगाला ब्रेक, मग वीस, मग तीस. पॅड बसवायला तीसवरून पंधरावर असे आठ-दहा हलके ब्रेक, मध्ये थंड होऊ द्यायचं, आणि पुढचा जोराचा भाग पॅडच्या कंपनीच्या कागदाप्रमाणे. त्यानंतरच प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह जुळवा, कोरड्या मोकळ्या जागेत तीसवरून जोरात ब्रेक, बाहेरून एकजण चाकं बघेल. पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी लॉक झाली तर मागचा दाब कमी करा आणि परत बघा.

आमच्याकडे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वूडवर्ड ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मोठी रपेट) असते, आणि जुलैच्या शेवटी मंडळातल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच की बाकी सगळं झालंय, फक्त ब्लीडिंग राहिलंय, जमेल ना. मी प्रत्येकाला पुढच्या वर्षी जा असंच सांगतो.

पन्नास मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने परत बघा, शॅफ्टचे बोल्ट, हेडरचे बोल्ट, ब्रेकचे सगळे जोड. पाचशे मैलांनंतर गाडी परत उचला, चार फेंडरची मापं घ्या, नवीन स्प्रिंग बसलेल्या असतील, उंची अर्धा इंच उतरली असेल तर पिनियनचा कोन पुन्हा मोजा आणि त्यानंतरच अलाइनमेंटला न्या.